गावातल्या जोडप्याला म्हातारपणासाठी नेमका किती पैसा लागतो?

निवृत्तीसाठी किती साठवायचं, याचा हिशोब करून देणारी सोय आता जवळजवळ प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये असते. महिन्याचा खर्च भरला की समोर दोन-तीन कोटींचा आकडा येतो. तीन एकर रान आणि एक विहीर असलेला माणूस तो बघतो आणि फोन बाजूला ठेवून देतो. हे आपल्यासाठी नाही, असं त्याला वाटतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. तो हिशोब पगारदाराला समोर ठेवून बसवलेला असतो. पगार एका ठरलेल्या तारखेला बंद होणार, ज्वारी-गहू विकत आणावा लागणार, राहायला भाडं किंवा हप्ता भरावा लागणार, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

गावात ऐकू येणारं दुसरं उत्तरही तितकंच चुकीचं आहे. "गावात कसला आलाय खर्च? घरचं धान्य, घरचं दूध, स्वतःचं घर." असं म्हणणाऱ्यांनी आईच्या गोळ्यांचं बिल सहसा स्वतः भरलेलं नसतं. धान्य घरचं असलं तरी तेल, गॅस, चष्मा, एसटी आणि आहेर घरचे नसतात. म्हातारपणी नेमक्या याच गोष्टी वाढत जातात.

म्हणून आकडा कुणाकडून उसना न घेता वहीत मांडून बघू. त्यासाठी एक उदाहरण धरू. सोलापूर जिल्ह्यात बार्शी-करमाळ्याकडचं एखादं गाव. नवरा-बायको साठीच्या आसपास. राहायला स्वतःचं घर, तीन एकर जमीन, विहिरीला साधारण आठ महिने पाणी. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. रान आता वाट्यानं दिलेलं, त्यातून खाण्यापुरती ज्वारी आणि तूर घरात येते. हे जोडपं कल्पनेतलं आहे, पण असं घर बहुतेक वाचकांच्या माहितीत असेल.

महिन्याचा रोख खर्च

यात फक्त खिशातून जाणारे पैसे धरू. तेल, साखर, चहा, साबण, मसाला असा किराणा ३,००० रुपये. दुभतं जनावर नसेल तर दूध ९००. भाजी, फळं, अंडी, अधूनमधून मटण १,५००. गॅस, वीज आणि दोन मोबाईल मिळून १,४५०. बीपी आणि शुगरच्या गोळ्या दोघांच्या मिळून १,५००. तालुक्याला जाणं-येणं आणि डॉक्टरची फी ८००. कपडे, चपला, चष्मा, पत्र्याची किंवा मोटारीची दुरुस्ती असं वर्षाचं सगळं महिन्यावर वाटलं तर १,५००. आणि आहेर, लग्नं, दहावे-तेरावे, जत्रेची वर्गणी, पाव्हण्यारावळ्यांचा चहा-जेवण याचे १,५००.

शेवटचा आकडा शहरी हिशोबात कधीच दिसत नाही. गावात मात्र तो टाळता येत नाही. भाच्याच्या लग्नाला रिकाम्या हातानं गेलेला म्हातारा आतून खचतो. सुखाचं म्हातारपण म्हणजे पोट भरणं एवढंच नाही, चार माणसांत मान वर करून बसता येणं त्यातच येतं. म्हणून ही रक्कम चैनीत धरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

बेरीज होते १२,१५०. आपण १२,००० धरू.

हा आकडा फुगवलेला तर नाही ना? केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता. दोघांचे होतात साधारण ८,२५०. आपला आकडा त्याहून दीडपट आहे आणि त्याला कारणं आहेत. सहा माणसांच्या घरात एक सिलिंडर, एक मीटर, एक टीव्ही सगळ्यांत वाटला जातो. दोघांच्या घरात तो दोघांवरच पडतो. शिवाय सरासरीत लहान मुलं आणि तरुण येतात, त्यांना रोजच्या गोळ्या लागत नाहीत. त्यामुळे सरासरी बघून म्हातारपणाची तरतूद करणारा कमीच पडतो.

मुलाकडे एकत्र राहणाऱ्यांचा हा खर्च कमी दिसेल. तो नाहीसा झालेला नसतो, मुलाच्या खर्चात मिसळलेला असतो एवढंच. त्या घरातही आईवडिलांच्या हातात गोळ्या, प्रवास आणि आहेर यांच्यापुरते स्वतःचे चार-पाच हजार असावेत.

खर्च बाजूला ठेवा, तूट बघा

आता येणाऱ्या पैशांकडे वळू. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० असे कुटुंबाला १२,००० मिळतात, म्हणजे महिन्याला १,०००. रानातून धान्याव्यतिरिक्त रोख किती येईल हे पाऊस आणि भाव ठरवतात. चांगल्या सालावर हिशोब बांधू नये. इथं वर्षाला २४,००० धरू, म्हणजे महिन्याला २,०००. एकूण खात्रीची आवक ३,०००.

खर्च १२,००० आणि आवक ३,०००, म्हणजे तूट ९,०००. म्हातारपणासाठी पैसा साठवायचा तो ही तूट भरण्यासाठी, सगळ्या खर्चासाठी नाही. पगारदाराच्या आणि शेतकऱ्याच्या हिशोबातला खरा फरक इथं आहे. शेतकऱ्याचा काही खर्च त्याची जमीन आणि त्याचं घर आधीच उचलत असतात.

वर्षाची तूट झाली १ लाख ८ हजार. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. त्या दरानं १३ लाख २० हजार ठेवले तर दर तिमाहीला साधारण २७,००० रुपये हातात येतात आणि तूट भरून निघते. पुष्कळ जण इथंच थांबतात. पण महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर बारा वर्षांत सगळ्याचे भाव दुप्पट होतात. साठाव्या वर्षी पुरणारे ९,००० बहात्तराव्या वर्षी निम्म्या घरालाच पुरतील, आणि गोळ्या वाढलेल्या असतील त्या वेगळ्याच.

मग किती धरायचे? माणूस पंच्याऐंशीपर्यंत जगेल असं मानलं तर पंचवीस वर्षांची सोय हवी. व्याज आणि महागाई सारख्याच वेगानं वाढल्या असत्या, तर आजच्या तुटीच्या पंचवीस पट रक्कम लागली असती. सुरक्षित ठेवींचं व्याज महागाईच्या एक-दोन टक्के पुढे असतं, त्यामुळे साधारण वीस पटीवर भागतं. आपल्या जोडप्यासाठी ते होतात २१ लाख ६० हजार.

ध्यानात ठेवायला सोपं असं सांगता येईल की महिन्याला एक हजार रुपयांची तूट असेल तर साठाव्या वर्षी २ लाख ४० हजार शिलकीत हवेत. तूट चार हजारांची असेल तर साडेनऊ लाखांच्या आसपास. आपापल्या घरचा आकडा यावरून काढता येईल.

ही रक्कम वापरायचीही एक रीत आहे. पहिल्या वर्षी २१ लाख ६० हजारांवर ८.२ टक्क्यांनी १ लाख ७७ हजार व्याज येतं आणि लागतात १ लाख ८ हजार. उरलेल्या ६९,००० रुपयांना हात न लावता ते पुन्हा ठेवीत टाकायचे. सत्तरीनंतर खर्च व्याजाला गाठतो आणि मग मुद्दल वापरायला सुरुवात होते. पहिल्या दहा वर्षांत "व्याज तर येतंय" म्हणून सगळं खर्च केलं, किंवा नातवाच्या गाडीला दिलं, तर पुढची पंधरा वर्षं अवघड जातात.

दवाखान्याचे वेगळे

वरच्या हिशोबात मोठं आजारपण नाही. त्यासाठी दोन-तीन लाख रुपये अडीनडीला लगेच काढता येतील असे बँकेत वेगळे हवेत. सरकारी योजना असताना हे कशाला, असं कुणीही विचारेल. योजना आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मानचं वयवंदना कार्ड काढता येतं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ही कार्डं आजारी पडायच्या आधीच काढून ठेवावीत.

पण योजना दाखल झालेल्या रुग्णाची असते आणि तीही तिच्या यादीत असलेल्या आजारांची. घरी आल्यावरच्या गोळ्या, चष्मा, दात, कानाचं यंत्र, सोलापूरला न्यायला केलेली गाडी, सोबतच्या माणसाचं आठवडाभराचं जेवण हे सगळं खिशातून जातं. सगळ्यात मोठा खर्च अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शुश्रूषेचा. गावात तो आजवर सुनेनं किंवा लेकीनं केला, विनापैशाचा, म्हणून तो कुठल्याच वहीत दिसत नाही. आता मुलगा-सून पुण्यात आहेत आणि दोघंही कामाला जातात. गावातल्याच एखाद्या बाईला दिवसभरासाठी ठेवायचं तर तिला महिन्याला काही हजार द्यावे लागतील, आणि द्यायलाच हवेत. असा वर्षभराचा खर्च वरच्या दोन-तीन लाखांत धरलेला असावा.

म्हणजे साधारण चोवीस-पंचवीस लाख झाले. कोटी नाहीत, पण गावात एवढे तरी कुणाकडे असतात?

इथवर पोचायचं कसं

बहुतेकांकडे नसतात. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. तेवढ्या रानातून शिक्षणं आणि लग्नं उरकून पंचवीस लाख मागे टाकणं कठीण आहे. त्यामुळे रक्कम वाढवण्याइतकंच तूट कमी करण्याकडे लक्ष द्यायला हवं.

पहिलं काम कर्जाचं. साठीला पोचताना सातबाऱ्यावर सोसायटीच्या, म्हणजे गावातल्या सहकारी संस्थेच्या, पीककर्जाचा बोजा नसावा. आणि पन्नाशीनंतर कुणाला जामीन राहू नये, सख्ख्या भावालाही. वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारातही येते, आणि त्या वयात ते पैसे पुन्हा उभे राहत नाहीत.

दुसरं काम पेन्शनचं. ते चाळिशीच्या आत करावं लागतं, म्हणून हा भाग तरुणांनी वाचावा. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाच्या माणसाला साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. ५,०००च्या पेन्शनसाठी तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला ५७७ रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी केली तर १,४५४. शेतकऱ्याच्या हातात दर महिन्याला पैसा येत नाही, तर तिमाही किंवा सहामाही हप्ताही भरता येतो. सोयाबीन विकलं की एक, रब्बी निघाली की दुसरा. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळं खातं काढता येतं, आणि एकाच्या पश्चात त्याची पेन्शन जोडीदाराला चालू राहते. मात्र ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना यात नव्यानं येता येत नाही. पाच एकरांपर्यंत, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांसाठी पीएम किसान मानधन योजनाही आहे. त्यात महिन्याला वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार घालतं, आणि साठीनंतर ३,००० मिळतात.

यातलं एक सत्य मात्र एजंट सांगत नाहीत. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. आज तिशीत असलेल्याला तीस वर्षांनी मिळणारे ५,००० रुपये, महागाई ६ टक्के धरली तर, आजच्या पावणेनऊशे रुपयांएवढे असतील. तरीही खातं काढावं, कारण मरेपर्यंत दर महिन्याला खात्यात येणारा पैसा दुसरीकडून सहज मिळत नाही. फक्त "पेन्शन आहे, आता काळजी नाही" असं म्हणू नये. महिन्याला दोन हजार पीपीएफमध्ये, म्हणजे पोस्टातल्या किंवा बँकेतल्या सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, वीस वर्षं टाकले तर ७.१ टक्क्यांनी सुमारे दहा लाख होतात, आणि तेही आजच्या तीन लाखांच्या मोलाचे. दरवर्षी पीक निघालं की हप्ता थोडा वाढवत नेला तरच त्या रकमेला अर्थ येतो.

तिसरं काम शरीर चालतंय तोवरच्या वर्षांचं. साठ ते सत्तर या काळात एक म्हैस किंवा चार शेळ्या जमत असतील तर तूट निम्मी होऊ शकते. जोडधंद्याचा हा पैसा खर्चात न घालता ठेवीत टाकला तर उत्तम. पण सत्तरीनंतरच्या हिशोबात तो धरू नये. धार काढायला बसता येणं कधी थांबेल, ते आपल्या हातात नसतं.

आणि चौथी गोष्ट, जी बोलायला कुणाला आवडत नाही. जमिनीचा एखादा तुकडा विकायचाच असेल तर तो सावकाश, चार ठिकाणी भाव करून, स्वतःच्या सवडीनं विकावा. अतिदक्षता विभागाबाहेर बसून विकलेल्या जमिनीला भाव येत नाही. तुकडेबंदी कायद्यामुळे साधारणपणे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठ्यांच्या खालचा तुकडा पाडता येत नाही, तेवढं आधी तलाठ्याकडे बघून घ्यावं. जमीन विकणं म्हणजे घराणं बुडवणं असं मी मानत नाही. अर्धा एकर विकून आईवडील वीस वर्षं कुणापुढे हात न पसरता जगले, तर त्या रानानं आपलं काम केलं.

पैसा कुठे आणि कुणाच्या नावावर

आकड्याहून हा भाग महत्त्वाचा आहे. गावात म्हातारपणीचा पैसा सहसा कमी पडून संपत नाही, तो हातातून निसटून संपतो.

एक-दीड टक्का जादा व्याज म्हणून पतसंस्थेत आयुष्याची पुंजी ठेवणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. बँकेतल्या ठेवीला, त्यात सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एकच लाख होतं. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. ती बुडाली तर ठेवीदार वर्षानुवर्षं खेपा घालत राहतो. चेअरमन ओळखीचे आहेत, ही हमी नव्हे. म्हातारपणाचा पैसा पोस्टात किंवा बँकेत असावा, पाच लाखांवरचा असेल तर दोन बँकांत विभागून. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात.

जमिनीचं तर फार सांभाळून करावं. पोरं भांडू नयेत म्हणून जिवंतपणीच वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र करून मोकळे होणारे वडील पुष्कळ. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की पीएम किसानचा हक्क जातो, वाट्याचं उत्पन्न जातं, आणि घरातला शब्दही जातो. त्यापेक्षा मृत्युपत्र करावं. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करता येतं, कितीही वेळा बदलता येतं आणि आपल्या पश्चातच लागू होतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात स्पष्ट लिहून घ्यावेत. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्यातल्या कलम २३ नुसार, अट घालून दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास रद्द करून घेण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाता येतं. हे न्यायाधिकरण प्रांत कार्यालयात असतं.

बायकोचं नाव सगळीकडे हवं. घरात पुष्कळदा तीच मागे राहते, आणि एकटीचा खर्च निम्मा होत नाही. घराचं छप्पर तेवढंच, मीटर तोच, गोळ्या वाढलेल्या. ठेवी दोघांच्या नावावर, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा" अशा असाव्यात. लक्ष्मी मुक्ती योजनेतून अर्ज करून सातबाऱ्यावर तिचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. तिला स्वतःला एटीएम वापरता यावं, पासबुक वाचता यावं. ते शिकवायला साठी उलटायची वाट बघू नये.

ज्यांच्याकडे रानच नाही

आतापर्यंतचा सगळा हिशोब जमीन असणाऱ्यांचा झाला. ऊसतोड मजूर, शेतमजूर, धुणंभांडी करणारी एकटी बाई यांच्यासाठी वीस पटीचं गणित क्रूर ठरतं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळालं तरी दोघांना महिन्याला नऊ-दहा हजार लागतात. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजनेतून माणशी १,५०० मिळतात, दोघांना मिळाले तर ३,०००. उरलेल्या सहा हजारांसाठी चौदा लाख साठवा, असं कोयता चालवणाऱ्या माणसाला कोण सांगणार? इथं बचतीचा उपदेश अपुरा आहे. ही पेन्शन महागाईशी जोडायला हवी. तिच्यातला केंद्र सरकारचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी दीड दशकाहून अधिक काळ २०० रुपयांवरच आहे. आणि पात्रतेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, ही अट आजच्या मजुरीच्या दरापुढे टिकतच नाही.

तोवर हातात असलेलं तरी सुटू नये. अनेक मजुरांच्या आधारवर जन्मतारीख अंदाजानं टाकलेली असते, आणि तीत पाच-सात वर्षांचा फरक असला तर पेन्शनही तेवढीच वर्षं पुढे जाते. दीड हजारांच्या हिशोबानं पाच वर्षांचे नव्वद हजार होतात. ६५ पूर्ण व्हायच्या आधी शाळेचा दाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा शोधून आधार दुरुस्त करावा. उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला तहसीलमधून काढून अर्ज संजय गांधी योजना शाखेत द्यावा, आणि पोच घ्यावी. पेन्शन सुरू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला वेळेत द्यावा. एसटीत पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ पर्यंत अर्धं तिकीट आहे, आणि बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धंच तिकीट आहे, तेव्हा तहसीलची खेप त्यातल्या त्यात स्वस्तात होते.